कलाकृतीच्या आधीचा खर्च

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जमलेली माणसे कलाकृती पाहतात, कलाकाराचे अभिनंदन करतात, भिंतीवर लावलेला मजकूर वाचतात आणि एखादा धीट माणूस किंमतही विचारतो. पण ती वस्तू त्या दालनात येण्यापूर्वीचे वर्ष कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या भरवशावर गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. कॅनव्हासवर काम करणाऱ्या चित्रकाराच्या बाबतीत हा प्रश्न थोडाफार झाकला जातो, कारण रंग, कॅनव्हास आणि राहत्या घराचा एक कोपरा एवढ्यावर तो कशीबशी सुरुवात तरी करू शकतो. ज्याच्या कामाला लोखंड लागते, पाणी लागते, प्रोजेक्टर लागतो किंवा रिकामी खोली आणि तिथे महिनाभर कोणी हटकणार नाही याची हमी लागते, त्या कलाकाराला मात्र काम सुरू करण्याआधीच कोणाचा तरी आधार लागतो. समकालीन कलेच्या ज्या गॅलऱ्या प्रयोगशील कलाकारांच्या मागे उभ्या राहतात, त्यांचे खरे मोल या आधीच्या काळात आहे, असे माझे मत झाले आहे आणि ते का झाले हे आज सविस्तर लिहायचे आहे.

मी कलासमीक्षक नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे आणि वडिलांच्या पश्चात ते मी चालवते. कंट्रोल पॅनेलच्या पेट्या, हवा खेळवण्याचे डक्ट, यंत्रांना लागणारी संरक्षक कव्हरे ही आमची रोजची कामे आहेत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये वागळे इस्टेट होती. आता इथल्या कितीतरी जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आहेत, पण आतल्या रस्त्यांवर लेथ, पॉवर प्रेस, पावडर कोटिंग आणि वेल्डिंगचे गाळे अजून टिकून आहेत. मुंबईतल्या गॅलऱ्यांमध्ये आपण जी धातूची शिल्पे आणि मांडणशिल्पे, म्हणजे अख्खी जागा व्यापून उभारलेली कामे, पाहतो, त्यांतली बरीचशी अशाच गाळ्यांमध्ये किंवा खाडीपलीकडे रबाळे, महापे, तुर्भे इथल्या शेडमध्ये तयार होतात. कलाकारांना इकडे जागा परवडते, साहित्य हाताशी मिळते आणि कारागीर जवळ असतो. कामे इथे घडतात, टेम्पोत चढतात आणि काळा घोडा किंवा कुलाब्याला जातात.

काही वर्षांपूर्वी एक तरुण कलाकार आमच्याकडे एक कागद घेऊन आला. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर मापे असतात, टॉलरन्स असतो, पत्र्याचा गेज असतो. त्याच्या कागदावर मापांच्या जागी आवाजांची वर्णने होती. कळव्याच्या डोंगराच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली त्याचे बालपण गेले होते आणि त्याला एका बंद खोलीत, छप्पर न दाखवता, त्या छपरावरचा पाऊस ऐकवायचा होता. ध्वनिमुद्रण लावायचे नव्हते. खरे पाणी खऱ्या पत्र्यावर पडायला हवे होते आणि ऐकणाऱ्याने त्या पत्र्यांच्या मधून चालायला हवे होते.

हे काम वाटले त्यापेक्षा पुष्कळ अवघड निघाले. पत्रा चारही बाजूंनी फ्रेमला स्क्रूने आवळला की थेंबाचा आवाज मेल्यासारखा होतो. तोच पत्रा दोन ठिकाणी तारेने टांगला की तो वाजतो. एकाच आकाराचे पत्रे घेतले तर १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा उंच पण क्षीण आवाज देतो, आणि २४ गेजचा, म्हणजे त्याच्या निम्म्या जाडीचा, खर्जाकडे झुकलेला आणि मोठा आवाज देतो. थेंब हातभर उंचीवरून पडला की टिचकी ऐकू येते, पुरुषभर उंचीवरून पडला की पाण्याचे तुषार उडून बाजूचा पत्रा भिजतो आणि भिजलेल्या पत्र्याचा सूर बदलतो. पाणी फिरवायला लावलेल्या पंपाची घरघर त्या सगळ्या आवाजांना गिळून टाकत होती, म्हणून पंप काढून टाकला आणि उंचावर टाकी ठेवून पाणी आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचे ठरले. थेंबांचा वेग कमीजास्त करण्यासाठी नळाच्या दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही व्हॉल्व्हचा उपयोग होईना. शेवटी त्या मुलाने औषधांच्या दुकानातून सलाईनच्या नळ्या आणल्या, कारण त्यांच्यावरचे छोटे चाक फिरवले की थेंब मोजून सोडता येतो. त्या नळ्या क्षार साचून तुंबायच्या, तेव्हा टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवली. मग लक्षात आले की थेंब फारच नियमित पडत आहेत आणि पाऊस इतका नियमित नसतो. त्यावर त्याने प्रत्येक पत्र्यासाठी वेगवेगळ्या वेगाच्या तीन-तीन नळ्या एकत्र बांधल्या आणि तेव्हा कुठे कानाला पटेल असा पाऊस पडू लागला.

या चाचण्या शुक्रवारीच करता यायच्या, कारण शुक्रवारी आमची सुट्टी असते आणि शेजारच्या गाळ्यातला प्रेसही बंद असतो. आमचे जुने वेल्डर, ज्यांना वर्कशॉपमध्ये सगळे मामा म्हणतात, सुट्टीच्या दिवशीही मुद्दाम यायचे. पत्रे टांगण्याच्या चौकटीवरचे वेल्डिंग ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायचे नाही, असे त्या मुलाने सांगितले तेव्हा मामा अस्वस्थ झाले.

“घासलं नाही तर काम अर्धं सोडल्यासारखं दिसेल रे,” ते म्हणाले.

“मामा, तुमच्या हाताची खूण तिथे दिसायला हवी,” तो म्हणाला. “आमच्या घराचं छप्पर ज्यांनी घातलं, त्यांच्या खुणा अजून त्या पाइपांवर आहेत.”

मामांनी त्या दिवशी जसा टाका घातला तसा मी त्यांच्या हातून आजवर पाहिला नव्हता. इतका एकसारखा आणि इतका सावकाश.

आता मूळ मुद्दा. पत्रा, चौकटी, टाकी, कामगारांची मजुरी, वर्कशॉपचे वीजबिल आणि पुन्हापुन्हा केलेल्या चाचण्यांत वाया गेलेला माल, हा सगळा खर्च त्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा होता. तो आमच्याकडे येऊ शकला, कारण दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीने त्याला निर्मितीसाठी पैसे आधी दिले होते. आम्हाला पहिला हप्ता काम सुरू होताना, दुसरा चाचण्या पूर्ण झाल्यावर आणि शेवटचा माल उचलताना मिळाला. त्यांच्यातल्या कराराप्रमाणे काम विकले गेले तर आधी निर्मितीचा खर्च वळता होणार होता आणि उरलेली रक्कम दोघांत निम्मी-निम्मी वाटली जाणार होती. विकले गेले नाही तर खर्च गॅलरीने सोसायचा होता. गॅलरीने विक्रीच्या निम्मी रक्कम ठेवणे ही या व्यवसायातली रूढ पद्धत आहे आणि त्यावर बाहेरून पुष्कळ टीका होते. मीही ती टीका ऐकली आहे. पण टांगलेले चित्र विकून निम्मे पैसे ठेवणारी गॅलरी आणि न घडलेल्या कामावर वर्षभर आधी पैसे लावणारी गॅलरी यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

पैशापेक्षाही मला त्या गॅलरीच्या बाईंची भेट जास्त लक्षात राहिली आहे. त्या एका शुक्रवारी ठाण्याला आल्या, जमिनीवर पसरलेल्या नळ्यांमधून वाट काढत आत गेल्या आणि बराच वेळ काही न बोलता ऐकत उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांनी जे विचारले त्यात हे काम विकले जाईल का, हा प्रश्न नव्हता. प्रदर्शनाच्या बाराव्या दिवशी सकाळी टाकी कोण भरणार, भरलेल्या टाकीचे वजन वरच्या मजल्याची जमीन पेलेल का, पाण्याजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांसाठी कोणता ब्रेकर लावणार, पत्र्याला गंज चढला तर तो कामाचा भाग समजायचा की पत्रा बदलायचा, आणि दहा वर्षांनी कोणी हे पुन्हा उभारायचे म्हटले तर सलाईनच्या चाकाची जागा कागदावर कशी नोंदवून ठेवायची, असे त्यांचे प्रश्न होते. त्या मुलाने गंजाच्या प्रश्नावर आठवडाभर विचार केला आणि पत्रे बदलायचे नाहीत असे ठरवले. कलाकाराला हा विचार करायला लावणे हेसुद्धा आधार देणेच आहे, आणि ते चेक लिहिण्याइतके सोपे नाही.

याच्या उलट अनुभवही आला आहे. एका गॅलरीने एका मुलीला प्रदर्शनाची तारीख दिली, खर्चाचे मात्र तिच्यावरच सोडले. तिचे पैसे संपले तेव्हा काम थांबले आणि तारीख दुसऱ्याला गेली. तिची अर्धवट चौकट बरेच दिवस आमच्या पोटमाळ्यावर होती.

हे सगळे पाहिल्यावर मी मागचा इतिहास वाचू लागले आणि मुंबईत प्रयोगशील कलेला जेव्हा जेव्हा बहर आला, तेव्हा त्यामागे अशी कोणती तरी जागा होती असे दिसले. चित्रकार नलिनी मलानी यांचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असतानाच, १९६४ ते १९६७ या काळात, त्यांना वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ मिळाला. ज्या वास्तूत गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार नाममात्र भाड्यात काम करत होते आणि जिथे त्याआधी नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांच्या तालमी झाल्या होत्या, तिथे एका विद्यार्थिनीला आपले काम करायला जागा होती. त्यानंतर १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी स्वतःला मिळालेल्या नेहरू फेलोशिपमधून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. ज्येष्ठ आणि यशस्वी चित्रकाराने फेलोशिपचा पैसा स्वतःच्या कॅनव्हासवर खर्च केला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पदमसींनी त्यातून सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि छायाचित्रणाची साधने इतरांसाठी खुली केली. जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मलानी तिथे गेल्या आणि त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही छोटी फिल्म केली. ज्या काळात आपल्याकडे चित्रकाराने फिल्म करणे हे कला समजले जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आणि मग १९९२ मध्ये गॅलरी केमोल्डने त्यांना भिंती दिल्या, अगदी शब्दशः. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या प्रदर्शनात मलानी यांनी गॅलरीच्या भिंतींवरच थेट चित्रे काढली. नाथद्वाऱ्याच्या नष्ट होत चाललेल्या भित्तिचित्रांची आठवण त्यामागे होती. प्रदर्शन संपल्यावर ती चित्रे पुसून टाकण्यात आली. विकायला काही नव्हते, साठवायला काही नव्हते, ग्राहकाला घरी नेता येईल असे काही नव्हते. त्या पंधरवड्याचे भाडे, दिवे आणि रंगकाम कोणी तरी भरलेच असणार. अशा कामांमधून पुढे मलानी यांची जी भाषा घडली, तिचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात झाले. मधल्या पंचवीस वर्षांचा हिशेब कोणत्याही व्यापारी वहीत बसणारा नाही.

केमोल्डबद्दल मला आणखी एका कारणाने जिव्हाळा आहे. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये ‘केमोल्ड फ्रेम्स’ हा चौकटी बनवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि चित्रांना चौकटी घालता घालता त्यांचा चित्रकारांशी संबंध जुळत गेला. १९६३ मध्ये त्यांनी आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. चित्रकार भूपेन खख्खर यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६५ मध्ये तिथे झाले. तेव्हा खख्खर हे पेशाने हिशेबनीस होते आणि देवदेवतांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून ते जे करत होते, ते चित्र म्हणायचे की नाही याबद्दलही मतभेद होते. २००७ मध्ये त्यांची मुलगी शिरीन गांधी यांच्या काळात ही गॅलरी फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. म्हणजे भारतातल्या समकालीन कलेची एक मोठी परंपरा कारागिरीच्या कामातून उगवली. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला हे महत्त्वाचे वाटते.

विकण्यासारखे काही नसेल तर गॅलरी जगते कशी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रत्येकाने वेगळे शोधले आहे. चॅटर्जी अँड लाल या कुलाब्याच्या गॅलरीने निखिल चोप्रा यांच्या सादरीकरणांना पाठबळ दिले. योगराज चित्रकार नावाचे पात्र धारण करून ते तासन्‌तास, कधी काही दिवस, लोकांसमोर कोळशाने प्रचंड चित्रे काढत राहिले, आणि मागे राहिलेली चित्रे, वेश आणि छायाचित्रे संग्राहकांकडे जाऊ शकत होती. व्हिडिओची कामे तीन किंवा पाच प्रतींच्या आवृत्तीत, प्रमाणपत्रासह विकली जातात. पत्र्यांच्या त्या कामाचेही तसेच झाले: संग्राहकाला मिळणार होते ते पत्रे, उभारणीच्या सूचनांची वही आणि कलाकाराची सही. पण बहुतेक गॅलऱ्या हे सगळे भागवतात ते शेजारच्या भिंतीवरच्या कॅनव्हासच्या विक्रीतून, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मराठी प्रकाशकांनी कवितासंग्रह असेच छापले आहेत.

प्रभाकर पाचपुते यांच्या वाटचालीचा उल्लेख इथे करायलाच हवा. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या परिसरातल्या, खाणकामगारांच्या कुटुंबातून आलेला हा कलाकार कोळशानेच थेट भिंतीवर चित्रे काढतो आणि ती चित्रे जिथे काढली त्या भिंतीपुरतीच असतात. मुंबईत त्यांना उभे राहायला जागा दिली ती क्लार्क हाउस इनिशिएटिव्हने. सुमेश शर्मा आणि झाशा कोला यांनी २०१० मध्ये कुलाब्यात सुरू केलेली ही जागा रूढ अर्थाने गॅलरी नव्हती. तिथे कलाकार एकत्र यायचे, भांडायचे, एकमेकांच्या कामाला हात लावायचे. पाचपुते यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन २०१२ मध्ये तिथेच झाले. पुढे कोलकात्याच्या एक्सपेरिमेंटर गॅलरीने त्यांचे प्रतिनिधित्व स्वीकारले. प्रतीक आणि प्रियांका राजा यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या गॅलरीने आपल्या नावातच आपले काम सांगितले आहे. २०११ पासून ती क्युरेटरांची, म्हणजे प्रदर्शनांची आखणी करणाऱ्यांची, दरवर्षीची बैठक भरवते, आणि २०२२ मध्ये तिने मुंबईतही जागा घेतली. विदर्भातल्या खाणीजवळच्या गावातला मुलगा साओ पाउलोला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनापर्यंत पोहोचतो, तेव्हा मधल्या पायऱ्या कोणी बांधल्या हे नीट नोंदवून ठेवले पाहिजे, नाहीतर सगळे श्रेय ‘प्रतिभा’ या एका शब्दाला जाते आणि पुढच्या मुलाला त्याचा काही उपयोग होत नाही.

हे सगळे वाचताना मला ठाण्याबद्दल वाईट वाटत राहते. सुधीर पटवर्धन यांच्यासारखा चित्रकार या शहरात राहिला, इथे तीन दशके रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले आणि इथल्या टेकड्या, खाणी, पोखरण रोडचा परिसर, उल्हासनगरचे दाट बांधकाम हे सगळे कॅनव्हासवर आणले. एवढेच करून ते थांबले नाहीत. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन संयोजित करून महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत नेले, कारण मुंबईबाहेरच्या मराठी माणसाला मूळ कलाकृती पाहायला मिळत नाहीत ही खंत त्यांना होती. त्या प्रदर्शनामागे बोधी आर्ट ही गॅलरी होती. २००८ च्या मंदीनंतर ती गॅलरी बंद पडली आणि तसा फिरता उपक्रम पुन्हा कोणी उभा केल्याचे माझ्या माहितीत नाही. गॅलरीच्या तिजोरीवर सगळा भार टाकला की असे होते, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे. पटवर्धन यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ च्या अखेरीस मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झाले, तेव्हा ठाण्याची चित्रे पाहायला ठाणेकर लोकलने फोर्टला गेले. मीही गेले होते.

ठाण्यात चित्रे लावायला जागा अगदीच नाही असे नाही. कापूरबावडीला महापालिकेचे कलाभवन आहे, शाळा-महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने होतात, तलावपाळीवर आणि उपवनला रांगोळ्या आणि चित्रांचे कार्यक्रम होतात. बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे, तिथे हस्तकलांना चांगला मंच मिळतो. पण या सगळ्या ठिकाणी तयार वस्तू काही दिवसांसाठी मांडायची असते. मुंबईतल्या जहांगीरमध्येही दालन एका आठवड्यासाठी मिळते आणि त्यासाठी कलाकाराला वर्षानुवर्षे थांबावे लागते. आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या दालनात सोमवारी पत्रे टांगून, मंगळवारी पाणी सोडून, बुधवारी बिघाड शोधून गुरुवारी काम लोकांना दाखवता येत नाही. प्रयोगाला बिघाडाचे दिवस हिशेबात धरावे लागतात.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: ठाण्यात आणि नवी मुंबईत असले काम पाहायला येणार कोण? मला हा आक्षेप मान्य नाही. मराठी माणसाला प्रयोग म्हणजे काय हे रंगभूमीने केव्हाच शिकवले आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटके सुरू केली, तेव्हा तिथे ना मखमली पडदा होता ना आरामखुर्च्या. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी ती जागा धरून ठेवली आणि कितीतरी नाट्यसंस्थांना परवडेल अशा भाड्यात एक रंगमंच मिळाला. प्रेक्षक आधी तयार नव्हता. तो जागेबरोबर तयार झाला. गडकरी रंगायतनला गर्दी करणारे, कट्ट्यांवर तासभर व्याख्यान ऐकणारे, दिवाळी अंक वाचणारे हेच लोक आहेत. त्यांच्यासमोर इंग्रजीत लिहिलेले अवघड मजकूर भिंतीवर लावून ‘लोकांना समजत नाही’ असे म्हणणे बरोबर नाही. मामांनी ते पत्र्यांचे काम प्रदर्शनात पाहिले, तेव्हा गॅलरीतल्या मजकुरातले एक अक्षरही त्यांना वाचता आले नाही. काम मात्र त्यांना पूर्ण कळले, कारण त्यांचे अर्धे आयुष्य पत्र्याखाली गेले होते. तिथे आलेल्या दोन विद्यार्थ्यांना ते गेज आणि आवाज यांचा संबंध समजावून सांगत होते.

कलेची जागा दक्षिण मुंबईतच असली पाहिजे असेही काही नाही. द गिल्ड ही गॅलरी कुलाब्यातून निघून मांडवा-अलिबाग रस्त्यावर रांजणपाड्याला गेली आणि तिथून काम करत राहिली. श्रेयस कर्ले आणि हेमाली भुता यांनी बोरिवलीत ‘कोना’ चालवले, तेही लोकांच्या वस्तीत. वागळे इस्टेटमधला एखादा बंद पडलेला गाळा यासाठी किती योग्य आहे, हे गॅलरीवाल्यांनी येऊन पाहावे. छताची उंची पुरेशी असते, जमीन यंत्रांचे वजन पेलण्यासाठीच ओतलेली असते, थ्री-फेज वीज असते, वर चेन ब्लॉक लावायला गर्डर असतो, टेम्पो दारापर्यंत येतो आणि काही बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस शेजारच्या गाळ्यात असतो. अडचणीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत: औद्योगिक भूखंडाच्या वापराचे नियम, आग प्रतिबंधक व्यवस्था, पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणी, स्टेशनपासूनचे अंतर. त्यातली पहिली अडचण धोरणाने सुटेल, बाकीच्या पैशाने आणि मेहनतीने.

खासगी गॅलरी इथे येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. महापालिकेने कलाभवनातले एक दालन वर्षातून तीन महिने प्रयोगशील कामासाठी राखून ठेवावे. एका वेळी एकाच कलाकाराला ते पूर्ण महिनाभर द्यावे, त्यातला पहिला पंधरवडा उभारणीचा धरावा, आणि भाडे घेण्याऐवजी निर्मितीसाठी ठरावीक रक्कम आधी द्यावी, निम्मी काम सुरू होताना आणि निम्मी चाचणी पूर्ण झाल्यावर. निवड करणाऱ्या समितीत एक चित्रकार, एक क्युरेटर आणि एक तांत्रिक बाजू समजणारा माणूस असावा. प्रदर्शनाचा मजकूर मराठीत असावा आणि तो कलाकाराशी बोलून लिहिलेला असावा. उभारणी चालू असताना दुपारी दोन तास दार उघडे ठेवावे, म्हणजे शाळेतल्या मुलांना काम घडताना दिसेल. ठाण्याबरोबर नवी मुंबई महापालिकेनेही हे करावे. वाशी किंवा नेरुळमध्ये अशी एक खोली काढणे तिला अशक्य नाही.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी कलाकार किंवा संस्था असा लेखी प्रस्ताव तयार करत असेल, तर त्यातले लोखंडकामाचे, नळकामाचे आणि विजेच्या जोडणीचे अंदाजपत्रक मी विनामूल्य करून देईन, आणि चाचण्यांसाठी शुक्रवारी आमचे वर्कशॉप उपलब्ध आहे.